पातळ लॅपटॉप आणि विदर्भातला मे महिना

(अकोल्यात वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. बाहेरच्या उन्हाबद्दल तुम्हाला मी काय सांगणार! एवढ्या उन्हात तुम्ही आलात, म्हणून थेट विषयाला हात घालतो.

मागच्या आठवड्यात एक शिक्षिका त्यांचा लॅपटॉप घेऊन आल्या. दोनशेपानी वहीएवढा पातळ, चार वर्षं वापरलेला. निकालपत्रकं भरायची होती आणि एक आकडा टाकला की तो पडद्यावर उमटायला दोन-दोन सेकंद लागत होते. व्हायरस असेल, फॉरमॅट मारा, असं कुणीतरी सांगितलं. त्यांनी मारून घेतलं. काही फरक पडला नाही. मग रॅम, म्हणजे चालू कामासाठी लागणारी मेमरी, वाढवा म्हणून सांगणारे भेटले. पण अशा पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बहुतेकदा मदरबोर्डला, म्हणजे आतल्या मुख्य पाटीलाच, सोल्डर केलेली असते, वाढवणार कशी? शेवटी कर्ज काढून नवा घ्यायचं त्यांनी ठरवत आणलं होतं.

मी मशीन चालू करून तापमान बघितलं. प्रोसेसर, म्हणजे सगळी आकडेमोड करणारी मुख्य चिप, ९८ अंशांवर पोचला की वेग धपकन ०.८ गिगाहर्ट्झवर येत होता. जरा निवला की पुन्हा वर, पुन्हा खाली. मागचं झाकण उघडलं, तर पंखा आणि जाळी यांच्यामध्ये धुळीची घट्ट वळकटी बसली होती. चिमट्याने ओढली तर एका तुकड्यात बाहेर आली. संध्याकाळी बाई त्याच लॅपटॉपवर काम करत होत्या. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण असे लोक दर उन्हाळ्यात येतात, आणि त्यातले कित्येक आधी पैसे घालवून मग येतात. मला त्याचं फार वाईट वाटतं.

त्यांचं मशीन म्हातारं झालं नव्हतं. ते स्वतःचा जीव वाचवत होतं.

एक उदाहरण घेऊ. २०१७ साली आलेला इंटेलचा आय५-८२५०यू हा प्रोसेसर लाखो पातळ लॅपटॉपमध्ये आहे. त्याचा मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झ, आणि जोर लावला की ३.४ पर्यंत जातो. ही वरची झेप थोड्या वेळापुरती असते. उष्णतेचं नियोजन १५ वॉटचं केलेलं आहे आणि १०० अंश ही त्याची मर्यादा. तिच्या जवळ पोचला की प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. तरीही ताप वाढतच राहिला, तर मशीन बंद पडतं. मॅकवाल्यांना ‘कर्नल टास्क’ नावाचं काहीतरी सगळा प्रोसेसर खाताना दिसतं. ते बंद करण्याच्या मागे लागू नका. ताप वाढला की इतर कामांना प्रोसेसर कमी मिळावा, हेही त्याचं एक काम आहे.

आता ही उष्णता बाहेर कशी जाते ते बघा, मला या यंत्रातली सगळ्यात सुंदर गोष्ट तीच वाटते. प्रोसेसरवर तांब्याची एक चपटी नळी बसवलेली असते. ती भरीव नसते. आतली हवा काढून थेंबभर पाणी घालून ती बंद केलेली असते. दाब कमी, त्यामुळे पाण्याची वाफ लवकर होते. गरम टोकाला वाफ, जाळीच्या टोकाला पुन्हा पाणी, आणि ते पाणी आतल्या सच्छिद्र अस्तरातून झिरपत परत. भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाखाली जे चालतं, तेच इथे वर्षानुवर्षं, एक थेंब न सांडता. पंखा फक्त शेवटच्या जाळीवर हवा मारतो.

जाळीच बुजली तर? तुमच्या घरच्या कूलरची ताटी धुळीने आणि क्षाराने भरली की काय होतं? पंखा ओरडतो, हवा लागत नाही. अगदी तसंच.

आणि आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. अनेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापराचं तापमान ३५ अंशांपर्यंत दिलेलं असतं. अकोला, चंद्रपूर, नागपूर इथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत दुपारी ४० सहज असतात. यंत्र आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. त्यामुळे जड काम पहाटे किंवा रात्री करा, हा माझा सल्ला आजीच्या सल्ल्यासारखा वाटला तरी खरा आहे. लॅपटॉप कूलरच्या झोतासमोर मात्र ठेवू नका, पाण्याचे तुषार आत जातात.

गादीवर, उशीवर ठेवून काम करणं पूर्ण बंद. हवा खालून आत येते, गादी तोंडच दाबते. टेबल नसेल तर पाट घ्या, मागच्या बाजूला दोन वह्या देऊन जरा उचला.

मग विंडोजमधलं टास्क मॅनेजर उघडून कोण प्रोसेसर खातंय ते बघा. पुष्कळदा ब्राउझरचे तीस टॅब किंवा दोन-दोन अँटीव्हायरस सापडतात.

विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ १०० असतं, ते ९९ करा. एका टक्क्याने काय होणार, असं वाटेल. पण त्याने बहुतेक इंटेल मशीनची ती वरची झेपच बंद होते. वेग वाढवायला व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणून शेवटच्या थोड्या वेगाची किंमत सगळ्यात जास्त. पत्रकं, टायपिंग, व्हिडिओ बघणं याला फरक जाणवत नाही. काही नव्या मशीनमध्ये हा पर्याय लपवलेला असतो. तिथे कमी विजेचा मोड निवडा.

सफाई घरी करणार असाल तर आधी मशीन बंद, चार्जर काढलेला, आणि झाकण उघडल्यावर पहिल्यांदा बॅटरीची जोडणी सोडवा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं काडीने धरून ठेवा, नाहीतर तो बेफाम फिरून खराब होतो. घरचा व्हॅक्यूम क्लीनर नको, त्याने स्थिर वीज तयार होते. चार-पाच वर्षांत थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसर आणि तांब्याची नळी यांच्यामधला उष्णता पुढे नेणारा लेप, तोही सुकतो. तो बदलताना आधी हात बसलेला माणूस शोधा. २०२० च्या एम१ मॅकबुक एअरसारख्या यंत्रात पंखाच नाही, तिथे जाळी साफ करण्याचा प्रश्नच येत नाही. जागा आणि कामाची वेळ बदलणं एवढंच हातात राहतं.

एक गोष्ट मात्र घरी गेल्यावर आजच बघा. टचपॅड वर आलाय, क्लिक होत नाही, किंवा लॅपटॉप सपाट टेबलावर डुगडुगतोय, तर आत बॅटरी फुगलेली असू शकते. उष्णतेने ती लवकर खराब होते. ती दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका. मशीन बंद करून तसंच दुरुस्तीला न्या. इथे पुढच्या टेबलावर मी एक लॅपटॉप उघडून ठेवलाय. जवळ या, ती नळी आणि जाळी बघा, मग प्रश्न घेऊ.