बावीस क्रेडिट आणि शेवटची एसटी

श्रोतेहो, नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की आमच्या कॉलेजच्या व्हरांड्यात एक टेबल मांडलं जातं. टेबलावर अर्जांचा गठ्ठा आणि स्टेपलर, टेबलामागे मी. नवीन रचना आल्यापासून मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच आहे. "सर, ह्यातला सोपा कुठला?"

ह्यातला म्हणजे ओपन इलेक्टिव्हच्या, म्हणजे दुसऱ्या शाखेतून निवडायच्या विषयांच्या, यादीतला. तुमच्या घरात कुणी यंदा एफवायला जाणार असेल, तर हा शब्द एव्हाना कानावर पडला असेलच. पूर्वी शाखा ठरली की बरेचसे विषय आपसूक मागे यायचे. नवं शैक्षणिक धोरण आपल्या राज्यातल्या स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ ला आणि विद्यापीठांना संलग्न असलेल्या बाकीच्या कॉलेजांत २०२४-२५ ला लागू झालं, आणि अर्जाचं पान एकदम लांबलं. मेजर, ओई, एसईसी, व्हीईसी, एईसी, आयकेएस! म्हणजे त्याच क्रमाने मुख्य विषय, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्य, मूल्यशिक्षण, भाषा आणि भारतीय ज्ञानपरंपरा. बाप बिचारा अर्ज उलटा करून मागे काही सोपं लिहिलंय का बघतो.

घाबरायचं कारण नाही. पहिल्या सेमिस्टरला साधारण बावीस क्रेडिट असतात. लेक्चरचा विषय असेल तर एक क्रेडिट म्हणजे सबंध सेमिस्टरमध्ये १५ तास, प्रॅक्टिकल असेल तर ३०. त्या बावीसांतले बरेचसे आधीच ठरलेले असतात. भाषा, पर्यावरण किंवा संविधान, भारतीय ज्ञानपरंपरा, हे कॉलेज जे देईल ते घ्यायचं. त्यावर घरी रात्री चर्चा करू नका, वेळ वाया जाईल.

डोकं लावायचं ते दोन ठिकाणी. पहिलं, मेजर. इथे विद्यापीठागणिक फरक आहे. कुठे सुरुवातीपासून एकच मुख्य विषय धरावा लागतो, कुठे पहिल्या वर्षी तीन विषय सारख्या वजनाने घेतात आणि त्यातला मुख्य कुठला ते दुसऱ्या वर्षी ठरवतात. आपल्याकडे यातलं काय चालतं हे अर्ज भरण्याआधी विचारा. तीन विषयांची पद्धत असेल तर तिसरा विषय "भरायचा म्हणून" भरू नका. भौतिकशास्त्रासाठी आलेला मुलगा वर्षाअखेर सांख्यिकीकडे वळलेला मी पाहिलाय. तिसरा विषय त्याने नीट निवडला होता, म्हणून त्याला वळता आलं.

दुसरी जागा ओपन इलेक्टिव्हची. हा विषय दुसऱ्या शाखेतला घ्यायचा असतो आणि बारावीला झालेलंच पुन्हा घेता येत नाही. इथे मुलं काय करतात? मित्राने घेतला तो घेतात. मित्राने त्याच्या मित्राने घेतला म्हणून घेतलेला असतो. मागच्या खेपेला ऐंशी जणांनी एकाच विषयावर टिक केली आणि वर्गात बाकं साठ! त्यातल्या वीस जणांना नंतर जे उरलं ते मिळालं, ती तक्रार पुन्हा माझ्याच टेबलावर आली.

माझं मत विचाराल तर सोपा विषय शोधण्यापेक्षा असा विषय शोधा, जो तुमच्या मेजरचे प्राध्यापक तुम्हाला जन्मात शिकवणार नाहीत. कॉमर्सच्या एका मुलीने मोडी लिपी घेतली होती. तिच्या मैत्रिणी हसल्या. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्याचं काम राज्यभर सुरू झालं, तेव्हा सरकारी दप्तरातले जुने मोडी कागद वाचणारी माणसं शोधत फिरावं लागलं होतं, हे तिने पेपरात वाचलेलं होतं. तीस तासांत काही ती जाणकार झाली नाही. पण घरच्या खरेदीखतावरचं पणजोबांचं नाव तिने स्वतः वाचलं, आणि तो कागद वर्गात आणून दाखवला.

आता माहितीपत्रकात कुठेच नसणारी गोष्ट सांगतो. वेळापत्रक बघा. विज्ञान शाखेत तीन विषयांची दोन-दोन क्रेडिट प्रॅक्टिकलला गेली, तर आठवड्याचे बारा तास प्रयोगशाळेत जातात. उरलेल्या क्रेडिटांचे सोळा तास धरले की अठ्ठावीस. त्यातला एखादा तास चार ते पाच लागला आणि तुमच्या गावची शेवटची एसटी पावणेपाचची असेल, तर तो विषय कितीही चांगला असू दे, तुमचा नाही. वेळापत्रक अजून लागलेलं नसेल तर मागच्या वर्षीचं मागा. क्लार्क कुरकुरतील, पण देतात. शहरातल्या मुलांना हे हास्यास्पद वाटेल. तालुक्याच्या कॉलेजात मुली विषय सोडतात त्या पेपर अवघड म्हणून कमी आणि या बशीपायी जास्त.

एनएसएस, एनसीसी, खेळ, सांस्कृतिक यांनाही आता क्रेडिट मिळतात. आवडेल ते घ्या. एनसीसीला मात्र निवड होते आणि जागा मोजक्या असतात, तेव्हा दुसरा पर्याय मनात ठेवून जा.

पालकांसाठी एक खुलासा. "पहिल्या वर्षानंतर सोडता येतं म्हणे," असं ऐकून काही जण निर्धास्त होतात. येतं, पण नुसतं सोडून चालत नाही. दोन सेमिस्टरची क्रेडिट पूर्ण हवीत आणि वर चार क्रेडिटचा कौशल्याचा अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप हवी, तेव्हा सर्टिफिकेट मिळतं. ही क्रेडिट ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स नावाच्या ऑनलाइन खात्यात जमा होतात आणि जास्तीत जास्त सात वर्षं धरली जातात.

त्या खात्याचा नंबर प्रवेशाच्या वेळीच मागतात. तेव्हा कॉलेजला निघण्याआधी एकच करा. आधार कार्ड आणि बारावीची मार्कशीट शेजारी ठेवून नावाची अक्षरं जुळवून घ्या. एकीकडे वडिलांचं नाव आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरून आमच्या टेबलासमोरची रांग तासभर अडते.

नमस्कार.