मोरीतून गेलेलं तेल जातं कुठे? हॉटेलांच्या ग्रीस ट्रॅपची गोष्ट

दुपारचे तीन वाजलेत, जेवणाची गर्दी ओसरलीय आणि हॉटेलच्या मागच्या मोरीवर भांड्यांचा ढीग लागलाय. मिसळीच्या रश्शाचं पातेलं, पावभाजीचा तवा, ग्रेव्हीचे टोप, सगळं तेलाने माखलेलं. मावशी गरम पाणी सोडतात, लिक्विड टाकतात, घासतात आणि लालभडक तर्री पाण्याबरोबर जाळीतून खाली जाते.

गरम पाण्यात तेल-तूप पातळ असतं हो, पण रस्त्याखालच्या लाइनीत पोचेपर्यंत पाणी गार होतं आणि मग डालडा, बटर, मटणाची चरबी हे सगळं पाइपाला आतून चिकटायला लागतं. एवढ्यावर थांबत नाही. तेलातली फॅटी ॲसिडं सांडपाण्यातल्या आणि सिमेंटच्या पाइपातून सुटणाऱ्या कॅल्शियमशी मिळून साबणासारखा कडक थर बनवतात, आणि हा थर वरून गरम पाण्याच्या बादल्या ओतून सुटत नाही. त्यात भाताची शितं अडकतात, चहाचा चोथा अडकतो, टिश्यू पेपर अडकतात आणि एक दिवस चेंबर तुंबून घाण पाणी रस्त्यावर.

हे किती वाढू शकतं याचं उदाहरण लंडनचं. २०१७ मध्ये तिथे व्हाइटचॅपल भागात रस्त्याखाली चरबी आणि वाइप्सचा घट्ट झालेला गोळा सापडला, लांबी सुमारे २५० मीटर, वजन अंदाजे १३० टन, फोडून काढायला कित्येक आठवडे लागले, आणि त्याचा तुकडा पुढच्या वर्षी तिथल्या म्युझियममध्ये लोकांना बघायला ठेवला होता.

आता आपल्याकडचा नियम. पर्यावरण संरक्षण नियमांत सार्वजनिक गटारात सोडायच्या सांडपाण्यात तेल आणि ग्रीस किती चालेल याची मर्यादा दिलीय, लिटरला २० मिलिग्रॅम. नदीनाल्यात सोडायचं असेल तर अजून कमी, १० मिलिग्रॅम. आकडा ऐकून काही कळत नाही म्हणून हिशोब करूया. गच्चीवरची १००० लिटरची टाकी डोळ्यासमोर आणा, तेवढ्या सगळ्या पाण्यात मिळून २० ग्रॅम तेल, म्हणजे चहाचे चार-साडेचार चमचे, बस. मिसळीच्या एका प्लेटवर तरंगणारी तर्री बघितली तर हा नियम ग्रीस ट्रॅपशिवाय, म्हणजे मोरीच्या पाण्यातलं तेल अडवणाऱ्या पेटीशिवाय, पाळणं शक्यच नाही हे लगेच लक्षात येतं.

ट्रॅपमध्ये तसं गुंतागुंतीचं काही नाही. पेटीत पाणी येतं, संथ होतं, जरा निवतं, तेल हलकं म्हणून वर येतं, खरकटं जड म्हणून तळाला बसतं आणि मधलं त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी मधल्या उभ्या पडद्याच्या खालून बाहेर जातं. पण त्याला वेळ द्यावा लागतो. पेटी लहान आणि नळ फुल सोडलेला असेल तर तेल वर यायच्या आतच बाहेर पडतं, आणि उकळतं पाणी, जास्तीचं लिक्विड यानेही तेच होतं, तेल पाण्यात मिसळूनच पुढे जातं. आणि संडासाची लाइन या पेटीत कधीच जोडायची नाही, फक्त किचनचं पाणी.

खरी गोची साफसफाईची आहे. ट्रॅप बसवला, फोटो काढून फाइलला लावला, परवानगीचं काम झालं आणि झाकण परत उघडलंच नाही, हे फार दिसतं आणि माझ्या मते ट्रॅप नसण्यापेक्षा हे वाईट, कारण कागदावर सगळं ठीक दिसत राहतं. भरलेला ट्रॅप काहीच अडवत नाही. अमेरिकेत बऱ्याच शहरांत २५ टक्क्यांचा नियम आहे, वरचा तेलाचा थर आणि तळाचा गाळ मिळून पेटीच्या पाण्याच्या खोलीचा चौथा भाग झाला की रिकामी करायची, आणि तारखेसकट नोंद ठेवायची. आपल्याकडच्या कुठल्याही हॉटेलला हे आजपासून करता येईल, एक काठी आत घालून खोली बघायची आणि वहीत लिहायचं, एवढंच तर आहे.

आणि हे का करायचं, तर तुंबलेल्या लाइनीत शेवटी कोणालातरी उतरवलं जातं म्हणून. कुजणाऱ्या घाणीतून हायड्रोजन सल्फाइड सुटतो, जास्त झाला की वासही कळेनासा होतो आणि माणूस काही क्षणांत खाली पडतो, त्याला वाचवायला उतरलेला दुसराही जातो. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय असं उतरवायला बंदी आहे. गटारात मृत्यू झाला तर कुटुंबाला १० लाख द्यायचे असं सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये सांगितलं, २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. तरीही बातम्या येतातच, आणि दर वेळी वाचून जीव तुटतो.

म्हणून हॉटेलमालकांना हात जोडून सांगणं आहे, भांडी पाण्याखाली धरायच्या आधी खरकटं आणि तेल पुसून काढा. कढईतलं जळकं तेल मोरीत अजिबात नको, ते डब्यात साठवा, वापरलेल्या तेलापासून बायोडिझेल बनवण्यासाठी एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०१८ मध्ये योजना काढलीय, त्यात तेल गोळा करणारे लोक आहेत. आणि ट्रॅप साफ करणाऱ्या ठेकेदाराला आधी दोन गोष्टी विचारा, सक्शनची गाडी येणार की माणूस आत उतरणार, आणि काढलेला माल कुठे नेणार, कारण तो पुढच्या चौकातल्या चेंबरमध्ये ओतला तर तेल परत त्याच लाइनीत गेलं.