उतामारोच्या चित्रातला पैलवान

हे चित्र नीट बघा. तीन सोंगं आहेत. एक कोरियन पाहुणा, एक सिंहनाच करणारा आणि एक चक्क सुमो पैलवान. आता चेहरे बघा. तिघीही बायका आहेत!

जपानी चित्रकार कितागावा उतामारोचं हे साधारण १७९३ मधलं लाकडी ठशांचं चित्र. गाव एदो, म्हणजे आजचं टोकियो. तिथल्या योशिवारा या वेश्यावस्तीत आठव्या महिन्यात निवाका नावाचा उत्सव भरायचा. गाण्या-वाजवण्यात तयार असलेल्या गेशा तेव्हा सोंगं घेऊन वस्तीच्या मुख्य रस्त्यानं मिरवायच्या, नाचायच्या, छोटे विनोदी प्रवेश करायच्या.

आता हे लक्षात घ्या, की १६२९ मध्येच सरकारनं बायकांना काबुकीच्या, म्हणजे तिथल्या पारंपरिक नाटकाच्या, रंगमंचावर बंदी घातली होती. नाटकातली बाईसुद्धा पुरुषच रंगवायचा. आणि इथे, भोवती खंदक असलेल्या वस्तीत, बाई पैलवान होऊन भर रस्त्यात उतरते! मला ही चित्रं मोलाची वाटतात ती यासाठी. मात्र याच वस्तीतल्या कितीतरी मुली घरच्या गरिबीपायी कराराने विकल्या गेलेल्या होत्या. उत्सवाच्या झगमगाटात ते नजरेआड करून चालणार नाही.

चित्रावर सही उतामारोची. पण त्यानं केलं ते शाईचं रेखाटन. तो पातळ कागद रानचेरीच्या फळीवर उपडा चिकटवायचा, रेषा तेवढ्या ठेवायच्या आणि बाकीचं लाकूड कोरून काढायचं, हे काम कारागिराचं. कपाळाजवळचे केस बघा, मोठं करून दाखवतो. इथली एकेक बटच नाही, एकेक केस म्हणजे लाकडात उभी ठेवलेली रेघ आहे. जरा हात हलला की गेली. म्हणून केस आणि चेहरा कोरायला सगळ्यात मुरलेला माणूस बसायचा.

पुढे प्रत्येक रंगाची फळी वेगळी. फळीच्या कडेला कोरलेल्या खुणांना कागद टेकवला, की रंग जागच्या जागी बसतो. मग बांबूच्या सालपटात गुंडाळलेल्या चकतीनं, तिला बारेन म्हणतात, कागद मागून घासायचा. यंत्र नाही, सगळा हाताचा दाब.

शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या संग्रहात याची प्रत आहे. त्यांच्या वेबसाइटवर जा, चित्र मोठं करा आणि आधी केस बघा.