होया वाढत नाही? कोकणात खताआधी उजेड बघा

नमस्कार मंडळी, आज होया, म्हणजे ती जाड पानांची शोभेची वेल. ज्याच्याकडे होया आहे तो एकच रडगाणं गातो, मरत पण नाही आणि वाढत पण नाही, करू काय? आणि हे विचारेपर्यंत तीन प्रकारची खतं घालून झालेली असतात.

आधी हे पान बघा, जवळ आणतो, किती जाड आहे. होया मूळची झाडांवर चढणारी वेल, खोडाच्या खाचेत जो पालापाचोळा अडकतो त्यात मुळं धरून राहणारी. आपल्या सह्याद्रीच्या रानात पण होया वाईटी नावाची जात अशीच झाडावर वाढते. तिथे पाऊस थांबला की मुळं लगेच सुकतात, म्हणून पाणी पानात साठवायचं. आणि होया कार्नोसा, जी घरोघरी दिसते ना, ती पानांची छिद्रं मुख्यतः रात्री उघडते, कार्बन डायऑक्साइड रात्रीच घेऊन ठेवते आणि दिवसा ऊन आलं की वापरते. पाणी वाचतं, पण वाढ सावकाश होते, त्यामुळे मनी प्लांटशी तिची तुलना करूच नका. पानावर पांढरा पट्टा असलेली व्हरायटी तर अजून हळू, कारण हिरवा भाग कमी.

आता ह्युमिडिटी. बाहेरच्या देशातले व्हिडिओ बघून लोक ह्युमिडिफायर घेतात, खड्यांचा ट्रे ठेवतात, सकाळ-संध्याकाळ पानांवर फवारे. अहो, रत्नागिरीत जुलैमध्ये कपाटातल्या चपलांना बुरशी येते, डबा उघडा राहिला की पापड मऊ, इथे झाडाला अजून दमटपणा कशाला? आपल्याकडे कमी पडतो तो उजेड. जांभ्याच्या जाड भिंती, खाली उतरलेलं कौलारू छप्पर, पुढे पडवी, अंगणात माड नि आंबा, आपल्याला मस्त गार वाटतं पण त्या पडवीच्या कोपऱ्यात होया नुसती जीव धरून बसते. दुपारी पानावर हात धरून बघा, हाताची सावली ओळखू येईल एवढी पडली पाहिजे, पडतच नसेल तर जागा बदला. पूर्वेची खिडकी सगळ्यात भारी, सकाळचं कोवळं ऊन तिला चालतं. आणि घरात काचेचं कौल असेल तर त्याच्या थोडं बाजूला वाशाला टांगा, बरोब्बर खाली नको, मे महिन्यात पानं भाजतील. जागा हळूहळू बदला, एकदम उन्हात नेऊ नका. पान थोडं लालसर झालं तर घाबरू नका, पण फिकट पिवळं पडून डाग आले तर मागे घ्या.

कुंडीत लाल माती भरली असेल तर ती काढा. माडाचं सोडण, म्हणजे नारळावरचं तंतुमय साल, आपल्याकडे फुकट आहे, त्याचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करा, पाण्यात भिजवून ते पाणी चार-पाच वेळा बदला, कारण सोडणात क्षार असतात, मग कोळशाचे तुकडे आणि मूठभर कंपोस्ट मिसळा. मुळांना हवा मिळाली पाहिजे. कुंडी छोटीच ठेवा, मोठ्या कुंडीत ओल राहते आणि मुळं कुजतात. रिपॉटिंग भर पावसात नको, पाऊस ओसरल्यावर करा. आणि पावसाळ्यात कुंडी पागोळ्यांखाली असेल तर आजच आत घ्या. पाणी कधी घालायचं? जुनं पान हळूच दुमडून बघा, कडक असेल तर थांबा, थोडं लवचिक झालं की घाला.

कात्री लांब ठेवा हं. होया आधी पानं नसलेला लांबच लांब दांडा सोडते, लोकांना वाटतं सुकलाय आणि कापतात, पानं त्यालाच मागून येतात, त्याला वर चढायला काठी नाहीतर दोरी द्या. फुलं गळल्यावर उरलेलं देठ पण ठेवा, पुढच्या वेळी फुलं तिथेच येतात.

ते बदामाच्या आकाराचं एकच पान मिळतं ना कुंडीत, होया केरी? त्याला खोडाचा डोळा नसेल तर ते वर्षानुवर्षं पानच राहील, कितीही खत घाला, वेल पाहिजे तर खोडासकट घ्या.

खत सगळ्यात शेवटी. 19:19:19 नावाचं पाण्यात विरघळणारं खत लिटरभर पाण्याला अर्धा ग्रॅम, नवीन कोंब चालू असतानाच, पावसाळी अंधाऱ्या दिवसांत बंद.

आणि सगळं नीट असून कोंब येतो नि टोकालाच सुकतो, वर मुंग्यांची रांग चाललीये, तर पानाच्या बगलेत बघा, पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. कापसाच्या बोळ्याने पुसून काढा, मग लिटरभर पाण्यात पाच मिली नीम ऑइल आणि दोन थेंब भांड्याचं लिक्विड मिसळून संध्याकाळी फवारा, आठवड्याने परत, आणि तोपर्यंत ती कुंडी बाकीच्या झाडांपासून लांब ठेवा.