चिंचेनं घासलेली समई

मला कायम विचारतात, क्युरेटर म्हणजे नक्की काय करता हो तुम्ही. आमच्या सासूबाई तर शेवटपर्यंत शेजारच्या काकूंना सांगायच्या, म्युझियममधे असते, तिकिटं देत असेल. मी काही दुरुस्त करायला गेले नाही, कारण खरं काम सांगितलं असतं तर त्यांना ते तिकिटं देण्यापेक्षाही फालतू वाटलं असतं. बसून वहीत लिहायचं. आलेल्या प्रत्येक वस्तूची माप, वजन, धातू, कुणी दिली, कुठल्या गावाहून आली, कुठे टवका उडालाय, सगळी नोंद, मग वस्तूच्या न दिसणाऱ्या बाजूला पारदर्शक लेपाचा एक हात, त्यावर शाईनं बारीक नंबर, त्यावर परत लेप, म्हणजे उद्या नंबर काढायचा झाला तर खालच्या वस्तूला काही होत नाही.

हे सगळं मी शिकले ते एका समईमुळे. नोकरीचा दुसरा महिना, एका वाड्यातून आलेली पितळी समई, वर काजळी आणि तेलाचा चिकट थर, आणि मी पडले सदाशिव पेठेतली, घरात पितळ काळं राहिलेलं बघवत नाही. चिंच भिजवली, मीठ घेतलं आणि दुपारभर घासली. लख्ख. सरांना मोठ्या कौतुकानं दाखवली. त्यांनी फिरवून फिरवून बघितली आणि म्हणाले, "छान झालीय. आता हिच्यात कुठलं तेल जळत होतं ते कोण सांगणार, चिंच?" बास. त्या थरात तेलाचा अंश असतो, तो तपासता येतो, आणि आंबटानं घासलं की दरवेळी थोडा धातूही जातो, कोरलेलं नाव असेल तर तेही पुसट होतं. घरच्या समईला चालतं हो, पुढच्या दिवाळीला परत घासायचीच असते.

आता पुण्यातल्या केळकर म्युझियमचं बघा, बाजीराव रोडवरून किती वेळा गेला असाल. दिनकर केळकरांचं चष्म्याचं दुकान, 'अज्ञातवासी' नावानं कविता करायचे, क्युरेटरशिपचं शिक्षण वगैरे काही नाही. आणि या माणसानं गोळा काय केलं तर अडकित्ते, दिवे, पाय घासायच्या वज्र्या, फण्या, दरवाजे, जे लोक मोडीत घालत होते ते. लहानपणी गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव संग्रहाला दिलं. २०,००० च्या वर वस्तू आहेत आणि मांडलेल्या साधारण २,५००. लोक कुरकुरतात की बाकीचं गोडाऊनमधे कशाला ठेवलंय. अहो, कापड आणि लघुचित्रांवर ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड टाकायचा नसतो, विटलेला रंग परत येत नाही, त्यांना आलटून पालटून अंधारात ठेवावंच लागतं! त्यात आपल्या पुण्याची हवा, मे मधे लाकूड आक्रसतं, जुलैत फुगतं, वरचा रंग काही त्याच्याबरोबर हलत नाही, मग पोपडे धरतात.

पुढे मी डायरेक्टर झाले आणि वस्तू सुटल्याच. लिफ्टचं मेंटेनन्स, ऑडिटवाल्यांची पत्रं, सहलीच्या बस कुठे लावायच्या, पावसाळ्यात स्टोअरच्या छताखाली बादली ठेवलीय का. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्सला, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, डॉ. मोतीचंद्र आधी क्युरेटर आणि मग डायरेक्टर होते आणि तरी जुन्या वेशभूषेवर, व्यापारी मार्गांवर लिहीत राहिले, त्यांच्यानंतर सदाशिव गोरक्षकर १९९६ पर्यंत. कसं जमवलं असेल कोण जाणे. मला डायरेक्टर असताना एक धड पेपर लिहिता आला नाही, फाइलींवर शेरे मात्र भरपूर लिहिले.

रिटायर व्हायच्या आठवड्यात चार्ज द्यायचा म्हणून जुनी रजिस्टरं काढली, तर ती समई सापडली. नोंद माझ्याच अक्षरात, "पितळी समई, स्थिती उत्तम." आमच्या रजिस्टरात खाडाखोड चालत नाही, व्हाइटनर तर नाहीच, चूक झाली तर लाल शाईनं एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही. तशी रेघ मारली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "चिंच व मिठाने घासली, मूळ थर नष्ट." खाली सही केली. नव्या मॅडम शेजारीच बसल्या होत्या, म्हणाल्या, "कुणी केलं हो हे?" मी म्हटलं, सही बघा.