ज्वारीचे शंभर दाणे आणि एक दोरा

नमस्कार मंडळी. आजचा विषय गणिताचा आहे, पण लगेच स्टेशन बदलू नका, वही-पेन काही लागणार नाही, लागलीच तर मूठभर ज्वारी लागेल आणि ती आपल्याकडं प्रत्येक घरात असतीच.

मागच्या रविवारी मी गावी होतो, परभणीपासून तासाभरावर आमचं गाव, पुतणी सुट्टीला कंटाळून माझ्या मोबाईलच्या मागं लागलेली. म्हटलं मोबाईल राहू दे, खेळ दाखवतो. आईनं सकाळीच अंगण सारवलेलं होतं, त्यावर मधे खिळा ठोकून दोऱ्यानं रांगोळीचा एक गोल काढला आणि शेजारी एक चौरस. दोन्हीत ज्वारीचे शंभर-शंभर दाणे टाकायचे, रेषेबाहेर गेला तो उचलून परत टाकायचा. मग सगळ्या दाण्यांच्या बाहेरून रबरबँड लावून सोडलं तर ते जसं आत येऊन बसेल तसा दोरा कल्पनेत गुंडाळायचा, आणि दोरा ज्या दाण्यांना अडतो तेवढेच मोजायचे. आतले कितीही असू द्या, दोऱ्याला त्यांचा पत्ताच नसतो.

खरा दोरा गुंडाळायला गेलं की दाणे सरकायचे, दोन वेळा सगळा खेळ मोडला. मग पुतणीनंच डोकं लावलं. दोन दाण्यांवर दोरा नुसता ताणून धरायचा, बाकीचे सगळे दाणे दोऱ्याच्या एकाच अंगाला आले तर ती कड पक्की, नाहीतर दुसरी जोडी बघायची. पक्क्या दाण्यापाशी कुंकवाचं बोट लावायचं. नववीतल्या पोरीनं हे स्वतःहून काढलं आणि मला खरंच लई भारी वाटलं, कारण पुस्तकातली व्याख्या याहून काही वेगळी नाही.

आई दारातून ओरडली, "काय करायलाव रे दोघं? ज्वारी काय फुकट येती का?"

तर मोजलं. गोलात पंधरा दाणे अडले, चौरसात अकरा. दाणे तेवढेच, दोरा तोच, मग गोलात जास्त का?

इथं एक शब्द सांगतो, बहिर्वक्र. आकाराच्या आत कुठलेही दोन ठिपके घ्या, त्यांना सरळ जोडा, रेघ बाहेर पडली नाही तर आकार बहिर्वक्र. जालन्याची मोसंबी बहिर्वक्र, अर्धापूरचं केळ नाही, कारण केळाच्या दोन टोकांत सुतळी ताणली की ती हवेतून जाते. बीडचं सीताफळ तर नाहीच नाही, त्याच्या प्रत्येक डोळ्याशेजारी खाच आहे. आणि कसेही पडलेले ठिपके घेऊन बाहेरून दोरा आवळला की जो आकार होतो तो कायम बहिर्वक्रच. ठिपके रँडम असतील तर त्या आकाराला म्हणतात रँडम पॉलिटोप, सपाट जमिनीवर बहुभुज, हवेत टाकले तर पैलू पाडलेल्या खड्यासारखा.

आता गोल आणि चौरस. हंगेरीचा आल्फ्रेड रेनी आणि जर्मनीचा रोल्फ झुलांके, या दोघांनी १९६३ मध्ये याचा हिशोब लावला. गोलात अडणाऱ्या दाण्यांची सरासरी एकूण दाण्यांच्या घनमुळाच्या साधारण ३.३८ पट निघते. हजार दाण्यांचं घनमूळ दहा, म्हणजे ३४ च्या आसपास, आणि दहा लाख टाकले तर घनमूळ शंभर, म्हणजे ३३८. चौरसात मात्र हिशोब लॉगरिदमचा, म्हणजे दाणे दहापट केले की दर वेळी साधारण तेवढीच भर पडते. हजाराला साधारण १८, आणि दहा लाखाला? फक्त ३६-३७! म्हणजे दाणे हजारपट केले तर गोलात दहापट वाढ आणि चौरसात नुसती अठराची भर. मी गावाहून आल्यावर रात्री लॅपटॉपवर करून बघितलं, तिथं दाणे टाकायला कंबर दुखत नाही, आणि आकडे तिथंच आसपास येत होते.

कारण अंगणात बसून डोळ्यानं दिसतं. चौरसाच्या सरळ बाजूला दोऱ्याला वळायचं कामच नसतं, बांधाजवळ दोन-तीन दाणे मिळाले की तो सरळ पुढं जातो, वळणं सगळी कोपऱ्यापाशी, आणि कोपरे चारच. गोलात सरळ भाग नाहीच, दर बोटावर कड वळते, मग दोऱ्यालाही जागोजाग वळायला दाणा लागतो. आमचं कुंकूसुद्धा चौरसात कोपऱ्यांकडं गोळा झालं होतं आणि गोलात सगळीकडनं सारखं.

एक राहिलं. पहिल्या डावात मी मूठ भरून दाणे फोकले होते, शेतात बी फोकून पेरतात तसे, आणि सगळी गर्दी मधे झाली. तसे टाकले तर हिशोबच वेगळा, दाणे वाढवले तरी बाहेर अडणारे चौरसापेक्षाही सावकाश वाढतात, रेनी-झुलांकेनी तेही त्याच पेपरात काढलंय. म्हणून प्रत्येक जागेला सारखा चान्स मिळेल असे एकेक टाकायचे.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगतो, ब्रॅडली एफ्रन नावाचे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ आहेत त्यांची, १९६५ ची. समजा १०१ दाणे पडलेत. त्यातला शेवटचा कुठला? कुठलाही असू शकतो, दाण्यावर नंबर नाही. तो शेवटचा दाणा दोऱ्याला अडेल कधी, तर आधीच्या शंभरांच्या दोऱ्याबाहेर पडला तरच. आणि बाहेर पडायचा चान्स किती, तर दोऱ्याबाहेर जेवढी टक्के जागा उरली असेल तेवढा. हेच १०१ पैकी प्रत्येकाला लागू. म्हणजे अडणारे दाणे नुसते मोजले की कळतं किती जमीन दोऱ्याबाहेर राहिली! शंभरात बारा अडले तर सरासरीनं बारा टक्क्यांच्या आसपास जमीन सुटलेली. टेप नाही, मोजणी नाही, बांध कुठंय तेही माहीत नाही, तरी. ना इंटिग्रेशन ना काही, नुसतं "शेवटचा कोण?" एवढं विचारलं.

आई म्हणाली याचा उपयोग काय. आहे की. बिबट्याच्या गळ्यात पट्टा बांधला, त्याच्या शंभर जागा नकाशावर आल्या, बाहेरून दोरा आवळला, हा त्याचा वावर. ही पद्धत जंगलवाले खरंच वापरतात, एखाद्या जातीचा पसारा किती हे ठरवायला आययूसीएन ही निसर्ग जपणारी जागतिक संस्थापण वापरते. पण दोरा कायम कमीच जागा दाखवणार, कारण बिबट्या नेमका आपल्या हद्दीच्या टोकावर उभा असताना सापडेल असं थोडंच आहे. मग टोकावरच्या जागा मोजायच्या, हद्दीतली तेवढे टक्के जागा सुटली असं धरायचं आणि त्या हिशोबानं आकार फुगवायचा. अर्थात बिबट्या सगळीकडं सारखा हिंडत असेल आणि त्याची हद्द बहिर्वक्र असेल तर. मधे धरण आलं की हद्द केळासारखी होते आणि मग दोरा उलट पाणीपण मोजतो.

या सगळ्याची सुरुवात शंभरानं नाही, चार दाण्यांनी झाली. १८६४ मध्ये सिल्व्हेस्टर नावाच्या इंग्रज गणितज्ञानं एका मासिकात प्रश्न टाकला, चार ठिपके रँडम टाकले तर एक ठिपका बाकी तिघांच्या त्रिकोणात अडकायचा चान्स किती? लोकांची वेगवेगळी उत्तरं आली आणि भांडण लागलं, कारण कुठल्या आकारात टाकायचे हे प्रश्नात नव्हतंच. त्रिकोणात टाकले तर शेकडा ३३.३३, चौरसात ३६ पैकी ११ म्हणजे शेकडा ३०.५६, गोलात २९.५५. गंमत म्हणजे चौरस ताणून लांब आयत केला तरी उत्तर हलत नाही, सगळ्या त्रिकोणांचंही एकच, शेत लांबुळकं असो की आखूड. आणि १९१७ मध्ये ब्लाश्के नावाच्या गणितज्ञानं सिद्ध केलं की कुठलाही बहिर्वक्र आकार घ्या, उत्तर गोल आणि त्रिकोण यांच्या मधेच येणार. म्हणजे सगळा फरक चार टक्क्यांच्या आतला, एवढ्यासाठी त्रेपन्न वर्षं!

चाराऐवजी पाच टाका, तीन एका रेषेत नकोत एवढंच बघा, मग त्यातले चार जण बहिर्वक्र चौकोन करणारे सापडतातच, नशिबाचा संबंधच नाही. हे १९३३ मध्ये बुडापेस्टला एस्तेर क्लाइन या मुलीनं मित्रांना दाखवलं. वाईटात वाईट म्हणजे तीन बाहेर आणि दोन आत. आतल्या दोघांतून रेघ मारा, बाहेरच्या तिघांपैकी दोघं एका अंगाला येणारच, झाले चार. त्या मित्रांत जॉर्ज सेकेरेश होता, त्यानं पाल एर्डिश या गणितज्ञाबरोबर हा प्रश्न पुढं नेला, आणि १९३७ ला जॉर्ज-एस्तेरचं लग्न झालं. एर्डिशनं या प्रश्नाचं नावच 'हॅपी एंडिंग' ठेवलं. दोघं पुढं ऑस्ट्रेलियात गेले, ॲडलेडला २८ ऑगस्ट २००५ रोजी तासाभराच्या आत दोघंही वारले. हे सांगितल्यावर पुतणी थोडा वेळ गप्पच होती.

लांबी, रुंदी, उंची या तीन मिती, त्याहून जास्त असल्या की मात्र डोकं चालत नाही, खरं सांगतो. शंभर मितींची मोसंबी असती आणि साल त्रिज्येच्या फक्त एक टक्का जाड असती, तरी साल काढल्यावर हातात ३७ टक्केच मोसंबी उरली असती, ६३ टक्के सालीत गेली. तिथं दाणे टाकले की बहुतेक सगळे सालीजवळच पडतात, म्हणून आत कोण उरतच नाही, जवळपास प्रत्येक दाणा दोऱ्याला अडतो.

तर आता तुम्ही करा, गोल-चौरस सोडा, त्रिकोण काढा, कसलाही चालेल. त्याचा हिशोब तोंडी होतो: एक, अधिक अर्धा, अधिक एक तृतीयांश, असं करत दाण्यांच्या संख्येपेक्षा एकानं कमी तिथपर्यंत बेरीज करायची आणि दुप्पट करायची. चार दाण्यांना ३.६७ येतात, म्हणजे सिल्व्हेस्टरचा तो एक तृतीयांश त्यातच बसलाय. शंभर दाण्यांना साधारण १०.३५. एका डावात आठ येतील नाहीतर तेरा येतील, घाबरू नका, पाच-सहा डाव करून सरासरी काढा. फक्त कोंबड्या आधी डालून ठेवा. आमचा त्रिकोण अर्धा मोजून झाला होता, पुतणी कुंकू आणायला आत गेली, मी फोनवर बोलत होतो, आणि तेवढ्यात एक तांबडी कोंबडी येऊन बरोबर कोपऱ्यातले दाणे टिपून गेली.