जहाजांची मोजदाद आणि सुकाणूवरचा हात

श्रोतेहो, नमस्कार.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात होड्या लागल्या, मासळी उतरली, की जेटीवरच्या गप्पांत हल्ली एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे जगातल्या सैन्यांमध्ये कोणाचा क्रमांक कितवा. मोबाइलवर याद्या फिरत असतात. त्यांत जवान, रणगाडे, विमाने आणि जहाजे यांची बेरीज मांडलेली असते, आणि त्या बेरजेवरून वाद रंगतात. गंमत अशी, की ट्रॉलरवर नवा तांडेल ठेवायचा झाला, तर हीच मंडळी त्याने आधी किती फुटी होडी चालवली हे विचारीत नाहीत. त्याने किती हंगाम दर्यावर काढले आणि वारा फिरला तेव्हा होडी कशी सांभाळली, हे विचारतात. देशोदेशींच्या सैन्यांविषयी बोलताना आज मीही तोच प्रश्न विचारणार आहे.

आधी आकडे पाहू. जहाजांच्या संख्येत चीनचे नौदल आज जगात पहिले आहे. त्याच्याकडे 370हून अधिक युद्धनौका आणि पाणबुड्या आहेत. अमेरिकेच्या जहाजांची संख्या 300च्या आत असली, तरी तिची जहाजे मोठी असल्यामुळे एकूण वजनात ती पुढे राहते, शिवाय तिच्याकडे 11 विमानवाहू नौका आहेत. आपल्याकडे ‘विक्रमादित्य’ आणि ‘विक्रांत’ अशा दोन आहेत. यादीचे काम येथे संपते.

आता 2017 साल आठवा. त्या वर्षी जून महिन्यात जपानजवळ ‘फिट्झजेराल्ड’ ही अमेरिकी विनाशिका एका मालवाहू जहाजावर आदळली आणि 7 नौसैनिक मरण पावले; पुढे ऑगस्टमध्ये सिंगापूरजवळ ‘मॅकेन’ ही विनाशिका एका तेलवाहू जहाजाला धडकली, तेव्हा 10 जण गेले. जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान म्हणवणाऱ्या नौदलाची, उत्तम रडार असलेली जहाजे शत्रूशिवाय आणि तोफेशिवाय निकामी झाली. ‘मॅकेन’वर सुकाणूचे नियंत्रण स्पर्शपडद्यावर आणलेले होते, ते एका जागेवरून दुसऱ्या जागेकडे गेले आहे हे तेथील माणसांच्या लक्षात आले नाही, आणि त्या पहाऱ्यावरचे काही खलाशी तर दुसऱ्या जहाजावरून तात्पुरते आणलेले होते. चौकशीत बोट ठेवले गेले ते अपुऱ्या प्रशिक्षणावर. त्याची मुळे बरीच जुनी होती. 2003च्या सुमारास पैसा आणि वेळ वाचवण्यासाठी नव्या अधिकाऱ्यांचा किनाऱ्यावरचा वर्ग बंद करण्यात आला, आणि जहाजावरच अभ्यास करा असे सांगून त्यांच्या हाती सीडी देण्यात आल्या. अपघातांनंतर असे वर्ग पुन्हा उभे करावे लागले. सीडी पाहून तांडेल होता आले असते, तर आपल्या खाड्यांतून घरोघरी तांडेल झाले असते!

प्रशिक्षणाची तुलनाही आठवड्यांनी करण्याचा मोह होतो, पण ती मोजपट्टी फसवी आहे. अमेरिकेच्या मरीन दलाचे प्राथमिक प्रशिक्षण 13 आठवड्यांचे, तर ब्रिटनच्या रॉयल मरीन कमांडोंचे सुमारे 36 आठवड्यांचे असते. मात्र अमेरिकी मरीनला त्यानंतर युद्धकौशल्याच्या वेगळ्या शाळेत जावे लागते, म्हणून 13 आणि 36 हे आकडे शेजारी ठेवून निकाल देता येत नाही. स्वित्झर्लंडमध्ये तरुणाला 18 आठवडे शिकवून घरी पाठवतात आणि पुढची काही वर्षे तीन-तीन आठवड्यांच्या उजळणीसाठी पुन्हा बोलावतात. आपल्याकडे 2022 साली आलेल्या अग्निपथ योजनेत सेवा चार वर्षांची असून जास्तीत जास्त 25 टक्के अग्निवीर पुढे कायम होतात. त्यामुळे पलटणीत जुन्या हवालदाराच्या हाताखाली जे मुरणे होते, त्याला किती वेळ मिळतो, हा माझ्या मते कवायतीच्या आठवड्यांपेक्षा मोठा प्रश्न आहे.

1982 साली फॉकलंड बेटांवरून ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यात झालेल्या युद्धात संख्या आणि तयारी यांतला फरक उघड दिसला. बेटांवर अर्जेंटिनाचे दहा हजारांहून अधिक सैनिक होते, परंतु त्यांच्यात सक्तीच्या भरतीतून आलेल्या कोवळ्या पोरांचा भरणा होता. काही तुकड्या तर उष्ण कोरिएंतेस प्रांतातून थेट बर्फाळ वाऱ्यात आणून ठेवलेल्या होत्या. गूस ग्रीन येथे संख्येने कमी असलेल्या ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांनी त्यांना शरण आणले. पण त्याच अर्जेंटिनाच्या नौदलाचे वैमानिक कसलेले होते, आणि त्यांनी 4 मे रोजी ‘शेफिल्ड’ या ब्रिटिश युद्धनौकेवर क्षेपणास्त्र अचूक डागले. तेव्हा एका देशाचे सैन्य चांगले किंवा वाईट, असे सरसकट बोलणेही चुकीचे ठरते. एकाच झेंड्याखाली दोन तऱ्हांची तयारी असू शकते.

आपल्या नौदलाची एक रीत मला या संदर्भात विशेष मोलाची वाटते. क्षेपणास्त्रांच्या काळातही ‘तरंगिणी’ आणि ‘सुदर्शिनी’ ही शिडाची जहाजे कोचीहून प्रशिक्षणार्थींना घेऊन समुद्रावर जातात, आणि उद्या संगणकासमोर बसणारी मुले तेथे दोर ओढतात, डोलकाठीवर चढतात, वाऱ्याची दिशा अंगावर ओळखायला शिकतात. यातली ‘तरंगिणी’ तर शेजारच्या गोव्यातच बांधली गेली. क्रमवारीच्या यादीत या दोन जहाजांना गुण मिळत नाहीत. जेटीवरच्या जुन्या तांडेलाला मात्र ती कशासाठी ठेवली आहेत, हे समजावून सांगावे लागणार नाही.

नमस्कार.